सामुदायिक प्रायश्चित्तविधि व एकांतांतील पापनिवेदन

(१)

प्रायश्चित्तविषयक कागद आमच्या संग्राहक मंडळींस नवे नाहींत. शुद्धिपत्रें, ब्रह्मवृंदाचीं निर्णयपत्रें, ग्रामण्याच्या तंट्यांतील महजर व यादी जुन्या दप्तरांत वारंवार हातीं येतात, व त्यांवरून आपल्या समाजांत दोषी मनुष्यास परत पंक्तीस कसें घेत असत याचा बराच खुलासा होतो. त्याच मुलखांत शेजारीं राहणाऱ्या कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांतही पापाच्या प्रायश्चित्ताचा एक नियमबद्ध संस्कार आज चार शतकांहून अधिक काळ चालत आला आहे. परंतु त्याचे कागद शोधूं जातां हातीं जवळ जवळ कांहींच लागत नाहीं. असें कां व्हावें, आणि त्या संस्काराचें खरें स्वरूप काय, हें थोडक्यांत सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

हा विषय हातीं घेण्यास एक निमित्त घडलें, तें सांगणें अवश्य आहे. आमचे एक जुने विद्यार्थी जन्मानें वसईकडील कॅथॉलिक असून नोकरीनिमित्त धाराशिव जिल्ह्यांत राहतात. त्यांच्या मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें आहे. गेल्या उपवासकाळांत, म्हणजे ईस्टरच्या सणापूर्वींच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळांत, ते मातोश्रींस घेऊन एका दूरच्या गांवीं सामुदायिक प्रायश्चित्तविधीस गेले. प्रार्थना झाल्या, शास्त्रवाचन झालें, सर्वांनीं मिळून क्षमायाचना म्हटली. त्यानंतर एकेकानें पाद्रीसाहेबांजवळ जाऊन आपलें पाप सांगावयाचें होतें. पाद्री एकच, माणसें पुष्कळ; म्हातारीस उभें राहवेना. ती तशीच परत आली. वाटेंत तिनें मुलास विचारलें, "सर्वांबरोबर म्हटलें, तें माझें झालें का?" मुलास उत्तर देतां येईना. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, आपण प्रायश्चित्तकांड वाचलें आहे. आपल्या शास्त्रांत अशा वेळीं काय सांगितलें आहे?" प्रश्न साधा दिसला, तरी आम्हांस दोन्हीकडचे ग्रंथ पुन्हां उघडावे लागले.

(२)

प्रथम संज्ञा. गोव्याकडील कोंकणींत या संस्कारास "कुमसार" म्हणतात; तो पोर्तुगीज "कोंफेसार" या धातूचा अपभ्रंश होय. मराठी कॅथॉलिक "पापनिवेदन" किंवा "प्रायश्चित्त संस्कार" असे शब्द योजितात. कॅथॉलिक मताप्रमाणें संस्कार सात असून हा त्यांपैकीं एक आहे. याचीं अंगें चार: पापाबद्दल मनापासून अनुताप, धर्मगुरूसमोर तोंडानें निवेदन, गुरूनें सांगितलेलें परिहारकर्म, आणि गुरूनें उच्चारलेलें क्षमावचन. यांपैकीं क्षमावचन हें ईश्वराच्या वतीनें उच्चारलेलें मानतात. धर्मगुरु हा स्वतः क्षमा करणारा नव्हे. पैसे देऊन पापाची माफी मिळते असा जो समज आपल्याकडे कित्येकांचा आहे, तो या संस्कारास लागू नाहीं.

आरंभीच्या शतकांत ही रीति अशी नव्हती. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा महापातकांसाठीं पातक्यास सभेंतून वेगळें काढीत, त्याजकडून दीर्घकाळ उघडपणें व्रतें करवीत, आणि नंतर बिशप त्यास समारंभानें पुन्हां आंत घेई. हें उघड प्रायश्चित्त बहुधा आयुष्यांत एकदांच मिळे. पुढें सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडमधील मठवासी साधूंनीं दुसरी रीति चालविली. पाप एकांतांत सांगावें, गुरूनें त्यास अनुरूप उपवासादि परिहार सांगावा, आणि हें वारंवार करतां यावें. कोणत्या पापास किती दिवसांचा उपवास, याच्या याद्या त्यांनीं केल्या. आपल्या प्रायश्चित्तनिबंधांतील कृच्छ्र-चांद्रायणांच्या कोष्टकांशीं त्या याद्यांचें साम्य वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनें समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें वर्षांतून निदान एकदां आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावें असा नियम घातला. ट्रेंट येथील धर्मसभेनें तारीख २५ नोव्हेंबर १५५१ रोजीं असें ठरविलें कीं, स्मरणांत असलेलीं सर्व महापापें प्रकार व संख्या यांसह सांगितलीं पाहिजेत. यानंतर एकांतांतील संपूर्ण निवेदन हीच कॅथॉलिक जगांतील सर्वसाधारण रीति होऊन बसली. गोव्यांत व वसईंत पोर्तुगिजांबरोबर जो संस्कार आला, तो या रूपांतला.

(३)

येथेंच पहिली अडचण उत्पन्न झाली, ती भाषेची. प्रार्थना दुसऱ्याच्या भाषेंत पाठ म्हणतां येते. मिस्सा त्या काळीं लॅटिनमध्येंच होई, आणि ती कोणास कळली नाहीं तरी चालत असे. पाप मात्र स्वतःच्या भाषेंतच सांगतां येतें, आणि तें ऐकणारास समजलें पाहिजे. दुभाष्या मध्यें घालावा, तर एकाच्या कानीं जावयाची गोष्ट दोघांच्या कानीं जाते. आजच्या धर्मविधिसंग्रहांतही दुभाष्याच्या द्वारें निवेदन करण्यास मनाई नाहीं, परंतु तसें करण्याची सक्तीही नाहीं. यामुळें पाद्र्यानें रयतेची भाषा शिकणें ही या संस्काराची पहिली गरज झाली.

इ. स. १६०६ च्या गोव्यांतील पांचव्या प्रांतिक धर्मसभेनें स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाद्र्यास धर्मग्रामाचा अधिकार देऊं नये असें ठरविलें, त्याचें कारण यावरून कळतें. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले व पुढील चाळीस वर्षें बहुतेक साष्टींतच राहिले. त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूर येथें १६१६ त छापून निघालें, तें आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु त्यांच्या निधनानंतर १६२२ त त्याच ठिकाणीं छापलेली प्रश्नोत्तररूप "दौत्रिना क्रिस्तां" ही कोंकणी पोथी आमच्या विषयाच्या दृष्टीनें कमी महत्त्वाची नाहीं. पुराण लोकांस ऐकविण्यासाठीं होतें. प्रश्नोत्तरी लोकांनीं आपल्या तोंडानें बोलण्यासाठीं होती. ज्याचे शब्द तयार नाहींत, तो निवेदन काय करणार? स्टीफन्स यांनीं रचलेलें व १६४० त छापलें गेलेलें कोंकणीचें व्याकरण हेंही याच गरजेंतून उत्पन्न झालेलें आहे. पाद्र्यांची भाषासेवा ही केवळ विद्याव्यासंगाची गोष्ट नव्हती, हें त्या ग्रंथांकडे पाहतांना विसरूं नये.

पुढें वारें फिरलें. तारीख २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें फर्मान काढून एतद्देशीय लोकांनीं तीन वर्षांचे आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. भाषा हुकुमानें सुटली नाहीं; आणि कुञ्ञ रिव्हार यांनीं १८५८ त कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहून त्या धोरणाचा दोष उघड केला. परंतु सामान्य शेतकऱ्यानें आपलें पाप कोणत्या भाषेंत सांगावें, हा प्रश्न त्या हुकुमाच्या कर्त्यास सुचला होता असें दिसत नाहीं.

(४)

दुसरी अडचण पाद्र्यांच्या संख्येची. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर युरोपीय संन्याशांचे संघ तेथून निघून गेले; ख्रिस्ती रयत मात्र राहिली, आणि तिचा धर्मव्यवहार एतद्देशीय पाद्र्यांनीं चालविला. आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच पंडित १७६० त साष्टी बेटांतून गेला, तेव्हां मराठ्यांच्या अमलाखालीं ख्रिस्ती लोक आपला धर्म उघडपणें पाळीत असल्याचें त्यानें पाहिलें. परधर्मीय राज्याखालीं संस्कार टिकला, तो हे स्थानिक पाद्री लोकांची भाषा जन्मतःच जाणत होते म्हणून, असें आम्हांस वाटतें.

आमच्या धाराशिव भागाचा या इतिहासाशीं संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. नळदुर्ग हा आदिलशाहींतला बळकट किल्ला. तेथील पाणीमहालाचा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत १६१३ त झाला. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १६३७ त, रोमनें आदिलशाही मुलखासाठीं एक स्वतंत्र धर्माधिकारी नेमिला. तो गोव्याजवळील दिवाड बेटांतील ब्राह्मण कुळांतला मातेउश द कास्त्रो. गोव्यांत त्यास पाद्रीपद मिळेना, म्हणून तो रोमपर्यंत गेला, आणि तेथून बिशप होऊन परत आला. नकाशावर पाहतां नळदुर्गाचा मुलूख त्याच्या अधिकारांत येत होता. परंतु नकाशावरील अधिकार निराळा, आणि कोसभर चालून गेल्यावर भेटणारा धर्मगुरु निराळा. १९७७ त मराठवाड्यासाठीं औरंगाबादचा कॅथॉलिक धर्मप्रांत स्थापन झाला. पण कॅथॉलिकांची वस्ती विरळ, एका पाद्र्याकडे अनेक गांवें, हें मराठवाड्याचें स्वरूप त्यानें पालटलें नाहीं. धाराशिवास राहणाऱ्यास सोलापूर साठ-सत्तर किलोमीटर पडतें. तरुणास हें अंतर कांहींच नव्हे, ऐशीं वर्षांच्या बाईस तें फार आहे.

(५)

आतां सामुदायिक विधीकडे वळूं. युद्धप्रसंगीं रणांत उतरणाऱ्या सैनिकांस एकेकट्याचें निवेदन ऐकणें अशक्य, म्हणून सर्वांस एकदम क्षमावचन द्यावें, अशी परवानगी रोमनें पहिल्या महायुद्धांत १९१५ त दिली, व १९४४ त त्याविषयीं पुन्हां नियम घातले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर तारीख २ डिसेंबर १९७३ च्या आज्ञेनें जो नवा प्रायश्चित्तविधि प्रसिद्ध झाला, त्यांत तीन प्रकार सांगितले आहेत.

पहिला प्रकार एकट्यानें करावयाचा. दुसऱ्या प्रकारांत पुष्कळांनीं एकत्र जमून प्रार्थना, शास्त्रवाचन व आत्मपरीक्षण करावें, मात्र निवेदन व क्षमावचन प्रत्येकाचें स्वतंत्र व्हावें. तिसऱ्या प्रकारांत पुष्कळांनीं एकत्र सामान्य शब्दांत पाप कबूल करावें, आणि क्षमावचनही सर्वांस एकदमच मिळावें.

उपवासकाळांत व नाताळापूर्वींच्या आगमनकाळांत ठिकठिकाणीं जे सामुदायिक विधि होतात, ते दुसऱ्या प्रकारचे. लोक बाहेरून पाहून त्यांस तिसऱ्या प्रकारचे समजतात, आणि घोंटाळा तेथें होतो. तिसरा प्रकार १९८३ च्या धर्मविधिसंग्रहानें फार आकुंचित करून ठेविला आहे. मृत्यु समोर ठाकला असून प्रत्येकाचें ऐकण्यास वेळ नसेल तेव्हां, किंवा ऐकणारे इतके थोडे असतील कीं, लोकांस स्वतःचा दोष नसतां दीर्घकाळ या संस्कारावांचून अगर ख्रिस्तप्रसादावांचून राहावें लागेल तेव्हां, एवढ्याच प्रसंगीं तो करावा. आणि दुसऱ्या प्रसंगीं अशी निकड आहे कीं नाहीं हें बिशपानें ठरवावें, स्थानिक पाद्र्यानें नव्हे. सणानिमित्त किंवा यात्रेनिमित्त गर्दी जमली, एवढें कारण पुरत नाहीं. शिवाय ज्यास असें क्षमावचन मिळालें, त्यानें आपलीं महापापें पुढें योग्य काळीं एकट्यानें सांगण्याचा संकल्प मनांत धरला पाहिजे. तो नसेल तर तें क्षमावचन त्याच्यापुरतें फलद्रूप होत नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीच्या वेळीं रोमनें याच नियमास धरून असें सांगितलें कीं, रुग्णालयाच्या दालनाच्या दाराशीं उभें राहून आंतील मरणोन्मुख रुग्णांस एकदम क्षमावचन देतां येईल.

या नियमांची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. लोकांनीं एकट्यानें येऊन सांगावें असें म्हटलें, तर ऐकणारानें उपलब्ध असलेंच पाहिजे. तोच धर्मविधिसंग्रह सांगतो कीं, ज्याच्याकडे लोकांची धर्मसेवा सोंपविली आहे त्यानें, लोकांनीं युक्त रीतीनें मागितलें असतां, निवेदन ऐकण्याची व्यवस्था केली पाहिजे, आणि त्यांच्या सोईचे दिवस व वेळा नेमून दिल्या पाहिजेत. तारीख ७ एप्रिल २००२ च्या पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आज्ञापत्रांत यावर पुन्हां भर दिला आहे; निवेदन ऐकणारे पाद्री जाहीर केलेल्या वेळीं लोकांस दिसतील असे बसलेले असावेत, असें त्यांत म्हटलें आहे. अर्थात् येथें कर्तव्य दोघांचें आहे, सांगणाराचें आणि ऐकणाराचेंही.

(६)

हें वाचीत असतां आम्हांस मिताक्षरेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. विज्ञानेश्वराचें कल्याण, चालुक्य सहाव्या विक्रमादित्याची राजधानी, हें आमच्या उमरगे तालुक्याला लागूनच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत दोषांचे दोन वर्ग केले आहेत. ज्याचा दोष लोकांत प्रसिद्ध झाला, त्यानें परिषदेपुढें जाऊन ती सांगेल तें व्रत करावें. हें प्रकाश प्रायश्चित्त. ज्याचा दोष त्याच्याखेरीज कोणास ठाऊक नाहीं, त्यानें गुप्तपणेंच व्रत आचरावें. हें रहस्य प्रायश्चित्त. परिषदेपुढें जाणारानें स्नान करून ओल्या वस्त्रानें जावें, नम्र व्हावें, आणि दोष स्वतःच्या तोंडानें सांगावा. रहस्य प्रायश्चित्त करणारा स्वतः शास्त्रज्ञ असेल तर ठीकच. नसेल तर त्यानें कांहीं निमित्त करून, जणूं दुसऱ्याविषयीं विचारतों आहे अशा रीतीनें, कोणत्या दोषास काय प्रायश्चित्त तें जाणून घ्यावें, असें विज्ञानेश्वर सांगतो.

कॅथॉलिक निवेदन या दोहोंच्या मधलें आहे. तें प्रकाश नव्हे, कारण परिषदेस कळत नाहीं. तें शुद्ध रहस्यही नव्हे, कारण एका मनुष्यास सांगावें लागतें, आणि तेंही दुसऱ्याचें निमित्त करून नव्हे, "मीं केलें" असें म्हणून. त्या एकावर मौनाचें असें बंधन आहे कीं, त्यानें तें कोणत्याही कारणास्तव, जीव गेला तरी, उघड करूं नये. ऐकणाराच्या कर्तव्याविषयीं आपलीं शास्त्रेंही उदासीन नाहींत. प्रायश्चित्त जाणत असूनही आर्तपणें विचारणारास जे तें सांगत नाहींत, ते त्याच्या पापाचे भागीदार होतात, अशा अर्थाचें अंगिरसाच्या नांवाचें वचन निबंधकार देतात. आमच्या मतें कॅथॉलिकांच्या उपर्युक्त नियमाचें याहून चांगलें भाष्य होणार नाहीं.

संग्राहकांस आरंभीं पडलेल्या कोड्याचें उत्तरही येथें आहे. आपल्या दप्तरांत जे कागद सांपडतात ते सर्व प्रकाश प्रायश्चित्ताचे होत. दोषी मनुष्य जातींत परत आला हें लोकांस दाखवावयाचें असतें, म्हणून पत्र लिहावें लागतें. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनांतील चहामुळें जें ग्रामण्य माजलें, त्याची एवढी माहिती आपणांस मिळते ती याच कारणानें. रहस्य प्रायश्चित्ताचा कागद एकही नाहीं, व असणारही नाहीं. कुमसाराचा कागदही त्याच न्यायानें होत नाहीं. राहतात तीं सभोवतालचीं साधनें: प्रश्नोत्तरीच्या पोथ्या, आत्मपरीक्षणाच्या प्रश्नावली, आणि पोर्तुगीज धर्मग्रामांत ईस्टरपूर्वीं कोणत्या घरांतील कोणीं निवेदन केलें याच्या ज्या वार्षिक याद्या ठेवीत, त्या. अशा याद्यांत पाप नसतें, नुसतीं नांवें असतात. पण घरोघरच्या माणसांची ती एक प्रकारची शिरगणतीच होय. आमच्या मंडळींपैकीं कोणास किनाऱ्याकडे रोमन लिपींतील अशी नुसत्या नांवांची जुनी वही आढळली, तर ती हिशेबाची समजून टाकूं नये.

(७)

समुदाय आणि एकांत यांचा हा वाद केवळ ख्रिस्ती धर्मांत आहे असें नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथें बौद्धांची वस्ती होती. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मूळचें चैत्य होतें असें पुराणवस्तुज्ञ मानतात. बौद्ध भिक्षु दर पंधरवड्यास उपोसथासाठीं एकत्र जमून प्रातिमोक्षाचें पठण करीत. परंतु ज्याच्या हातून दोष घडला असेल, त्यानें सभेंत बसण्यापूर्वीं दुसऱ्या एका भिक्षूजवळ तो सांगून मोकळें व्हावें असा नियम होता. ही रीति कॅथॉलिकांच्या दुसऱ्या प्रकाराशीं बरीच जुळते. आतां सर्वच संघाच्या हातून एकच दोष घडला असेल तर? निर्दोष ऐकणारा कोणीच उरला नाहीं. महावग्गांत यास उत्तर आहे. एका भिक्षूस जवळच्या विहारांत पाठवावें, त्यानें तेथें निवेदन करून परत यावें, आणि मग इतरांनीं त्याच्याजवळ निवेदन करावें. तेंही साधत नसेल, तर संघापुढें असें जाहीर करावें कीं, आम्हां सर्वांकडून हा दोष घडला आहे, आणि शुद्ध भिक्षु भेटेल तेव्हां त्याच्याजवळ आम्ही त्याचें निराकरण करूं. एवढें म्हणून उपोसथ करावा. अडचणीच्या वेळीं समुदायाचें कबूल करणें पुरतें, परंतु एकट्यानें सांगण्याचें कर्ज शिल्लक राहतें. तेवीस शतकांपूर्वींच्या परंपरेंतील हा नियम आणि १९८३ चा नियम यांचें अंतरंग एकच आहे. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें म्हणण्यास आधार नाहीं. अडचण सारखी, म्हणून तोडही सारखी निघाली.

जैनांचें उदाहरण तर याहूनही सूक्ष्म आहे. धाराशिवचीं लेणीं व भूम तालुक्यांतील कुंथलगिरि हीं जैनांचीं पूज्य स्थानें. कुंथलगिरीवरच आचार्य शांतिसागर यांनीं तारीख १८ सप्टेंबर १९५५ रोजीं सल्लेखनेनें देह ठेविला. तत्त्वार्थसूत्रांत प्रायश्चित्ताचे नऊ भेद दिले असून त्यांत पहिला आलोचना, म्हणजे गुरूजवळ निवेदन, दुसरा प्रतिक्रमण, आणि तिसरा तदुभय, म्हणजे दोन्ही मिळून. पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक प्रतिक्रमण समुदायानें होतें. आलोचनेचे दहा दोष टीकाकारांनीं मोजले आहेत. त्यांतील सातवा "शब्दाकुलित" नांवाचा. मोठ्या पर्वदिवशीं पुष्कळ यति एकदम आलोचना करीत असतात, त्या कोलाहलांत आपलाही दोष सांगून टाकावा, म्हणजे गुरूस तो नीट ऐकूं जाऊं नये. हा तो दोष, असें अकलंकदेव राजवार्तिकांत स्पष्ट करतात. साधूचें निवेदन एकांतांत दोघांत व्हावें, साध्वीचें मात्र उघड जागीं तिसऱ्याच्या उपस्थितींत व्हावें, असेंही तेथें सांगितलें आहे. कॅथॉलिक देवळांत निवेदनासाठीं मध्यें जाळी असलेलें जें लांकडी आसन सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालें, त्याच्या मुळाशीं हीच काळजी होती.

(८)

आतां म्हातारीच्या प्रश्नाचें उत्तर. आम्ही कॅथॉलिक धर्मशास्त्राचे अधिकारी नव्हों. तथापि ग्रंथांवरून जें दिसलें, तें त्या विद्यार्थ्यास असें सांगितलें. सर्वांबरोबर म्हटलेली क्षमायाचना व्यर्थ गेली नाहीं. तिनें मन तयार होतें, आणि पाप हें आपल्या एकट्याचें नसून समाजास लागतें हेंही त्यांत दिसतें. परंतु त्या दिवशींचा विधि दुसऱ्या प्रकारचा होता. त्यांत क्षमावचन एकेकट्यास मिळावयाचें होतें, आणि तें मातोश्रींस मिळालें नाहीं. म्हणून संस्कार झाला असें म्हणतां येत नाहीं. मात्र त्यांचा दोषही नाहीं. अंगानें उभें राहवत नाहीं, जवळ ऐकणारा नाहीं, ही असमर्थता आहे. आणि शारीरिक अगर नैतिक असमर्थता असेल तर एकट्यानें निवेदन करण्याचें बंधन लागत नाहीं, असें त्यांचेंच शास्त्र म्हणतें. अशा वेळीं मनापासूनचा अनुताप आणि पुढें निवेदन करण्याचा संकल्प एवढ्यावर ईश्वर क्षमा करतो, ही त्यांची श्रद्धा आहे. तेव्हां त्यांनीं भीति बाळगूं नये. आणि मुलानें पाद्रीसाहेबांस एक पत्र लिहावें. मागणें हें त्याचें काम, येणें हें त्यांचें. शब्दाकुलिताचा दोष मुद्दाम गर्दींत लपणारास लागतो. गर्दीमुळें ज्याचा आवाज पोंचला नाहीं, त्यास तो लागत नाहीं.

पत्र गेलें. ईस्टर होऊन पंधरा-वीस दिवसांनीं एक पाद्री एस्. टी.नें आले. मातोश्रींची बोली वसईकडची. ती त्यांस पुरती समजेल कीं नाहीं अशी मुलास शंका होती, परंतु ते त्याच बाजूचे निघाले. आम्ही त्या वेळीं ओसरीवर बसलों होतों. आंतलें दार सुमारें पाव घटका लोटलेलें होतें. मग तें उघडलें, आणि म्हातारीनें सुनेस चहा ठेवावयास सांगितलें.

आंत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, तिच्या मुलासही नाहीं, आणि कोणत्याही दप्तरांत तें कधीं मिळणार नाहीं. इतिहाससंशोधकानें सर्व कागद शोधावे हें खरें. पण कांहीं संस्था अशा आहेत कीं, त्यांचा कागद न होणें हेंच त्या नीट चालल्याचें प्रमाण असतें. प्रायश्चित्तविषयक पत्रें वाचतांना हें ध्यानांत ठेविल्यास, जें हातीं आहे त्याची किंमतही अधिक बरोबर ठरेल. किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतून प्रश्नोत्तरीच्या पोथ्या, प्रश्नावली अगर याद्या कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्यांचा परिचय या त्रैमासिकांतून करून द्यावा, एवढी विनंति करून हा लेख येथें पुरा करतों.